भिंतीतली हवा

७ जानेवारी

यांचं हवेचं मशीन आज घरातून गेलं. गेलं म्हणजे मीच दिलं. ऑक्सिजनचं मशीन म्हणायला हवं खरं तर. खोलीतली साधी हवा ओढायची, त्यातला ऑक्सिजन वेगळा काढायचा आणि नळीनं नाकाशी सोडायचा, एवढंच त्याचं काम. पण हे शेवटपर्यंत त्याला घुम्या म्हणत. दिवसभर घुमतो आणि विचारलं तर बोलत नाही, अगदी तुझ्या वडिलांसारखा, असंही म्हणत. गेलेल्या माणसाचं बोलणं काय मनावर घ्यायचं! हे गेले आणि घुम्या कोपऱ्यात टॉवेल पांघरून उभा राहिला. जाता-येता मी त्याच्यावरची धूळ पुसत होते.

मागच्या गल्लीतल्या रंगाऱ्याची बायको दारात आली. रंगारी म्हणजे कपाटं-खुर्च्यांना फवाऱ्यानं रंग मारणारा. जन्मभर ते रंगीत धुकं आत ओढलं आणि आता छाती कामातून गेली. ती आत आली नाही, बसली नाही. "हवेचं मशीन आहे म्हणे तुमच्याकडे," म्हणाली.

"आहे. पण बसा तरी!"

"भाडं किती?"

मला राग आला आणि बरंही वाटलं. "भाडं कसलं? माणुसकी नावाची काही चीज आहे की नाही?"

"बरं," ती म्हणाली. नुसतं बरं! वर्गातल्या पोरांना साधा खडू दिला तरी 'थँक्यू बाई' म्हणायची. असो.

मग तिनंच सांगितलं की सरकारी दवाखान्यात घरी न्यायला अशी मशीनं मिळतात, तिथे नवऱ्याचा नंबर लावलाय आणि तो आता वर सरकत आलाय. मी म्हटलं, तो नंबर काढून टाका. घरात मशीन असताना तिथली जागा अडवून ठेवणं बरं नाही, मागे केवढे गरजू उभे असतील. ती चुळबुळली. "राहू द्या की, बाई. लावलेला नंबर असलेला बरा."

"अहो, मी आहे ना!"

शेवटी ती हो म्हणाली. आयुष्यभर वर्गात उभं राहिलेल्या बाईशी वाद घालणं सोपं नसतं.

हमालाची ढकलगाडी आणून ती एकटीच घुम्याला घेऊन गेली. मी खिडकीतून बघत होते. वळणावर तिनं मशीनला हात लावून ते हलत नाही ना हे पाहिलं, मी यांच्या खुर्चीला लावायचे तसा.

८ जानेवारी

घर फार गप्प झालंय. घुम्याच्या आवाजाची इतकी सवय झाली होती की आता माझाच श्वास मला ऐकू येतो. मोठा आवाज करतो मेला.

१२ जानेवारी

भावजी आले होते. यांचे धाकटे भाऊ. आजाऱ्याला लागणाऱ्या सामानाचं दुकान आहे त्यांचं: वॉकर, चाकाच्या खुर्च्या, वरखाली होणाऱ्या खाटा, हवेची मशीनं, सगळं विकत किंवा भाड्यानं. घुम्याची जागा रिकामी बघून कपाळाला हात लावला.

"वहिनी, निदान मला सांगायचं तरी. चार लोक रांगेत आहेत माझ्याकडे."

"रंगारी पण रांगेतच होता की."

"फुकटाच्या वस्तूची किंमत नसते हो. नळी मुडपतील, जाळी धुणार नाहीत. आणि उद्या सगळेच फुकट मागायला लागले तर मी दुकानात काय माश्या मारू?"

मी म्हटलं, श्वास विकायचा म्हणजे काय, लाज वाटली पाहिजे. ते चिडले नाहीत. "मी श्वास विकत नाही, मशीन विकतो. ते बनवणाऱ्यानं मला फुकट दिलं नाही. दादासाठी आणलं तेव्हाही नाही. तेव्हा कोण म्हणालं होतं लाज?" यांच्यासाठी ते मशीन त्यांनीच आणलं होतं. आयजीच्या जिवावर बायजी उदार असं त्यांनी तोंडावर म्हटलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

जाताना दारात थांबले. "तुम्हाला धाप लागलीय का?"

"तुमच्याशी बोलून कुणालाही लागेल," मी म्हटलं.

१५ जानेवारी

दुपारी हे आले.

खुर्चीत डुलकी लागली होती. हल्ली मी खुर्चीतच झोपते. आडवं झालं की छातीवर मांजर बसल्यासारखं होतं आणि आमच्याकडे मांजर नाही. तर उन्हं खिडकीतून आत येऊन खोलीभर साचली होती, तळ्यातल्या पाण्यासारखी, आणि हे खिडकीच्या कट्ट्यावर बसून संत्रं सोलत होते. भिंतीवरच्या जगाच्या नकाशातला समुद्र कडेनं ओघळून खाली फरशीवर आला होता. मी म्हटलं, अहो, पाय वर घ्या, भिजतील. हे हसले. जिवंतपणी इतके गोड कधी हसले नव्हते. उसण भरल्यासारखं हसायचे.

जाग आली तेव्हा ऊन गेलं होतं. डोकं जड होतं पण मन इतकं हलकं झालं होतं की किती दिवसांत तसं झालं नव्हतं. उगाच लोक म्हणतात गेलेलं माणूस येत नाही. येतं की. दुपारी येतं.

२० जानेवारी

आमचा जिना लांबला आहे. पायऱ्या तेवढ्याच, भिंती त्याच, पण लांबला आहे. मधल्या वळणावर उभी राहून मी भिंतीचे पोपडे बघते. लोकांना वाटतं, नकाशाबाई दमल्या. (शाळेपासूनचं नाव आहे, अजून चिकटून आहे.) नकाशाबाई दमत नाहीत, निरीक्षण करतात. एका पोपड्याचा आकार तर हुबेहूब बेटासारखा आहे.

मुलांना मी शिकवायचे: डोंगरावर जसजसं उंच जावं तसतशी हवा विरळ होते, डोकं हलकं होतं, भलतंच दिसायला लागतं. आज वर पोचल्यावर अगदी तसं झालं. पण दुसरा मजला म्हणजे काही पर्वतशिखर नव्हे. थंडीचे दिवस आहेत, एवढंच.

२१ जानेवारी

हे आले होते. आज बोलले. पण काय बोलले ते लक्षात राहिलं नाही.

२४ जानेवारी

खालच्या शिंपिणीची लेक गृहपाठ घेऊन येते. आज माझ्याकडे टक लावून बघत बसली. मग म्हणाली, "आजी, तुमच्या ओठांना शाई लागलीय. निळी."

पेनाचं टोक तोंडात धरायची सवय आहे मला, खोटं कशाला बोलू. ओठ पुसले. "गेली?" "नाही." पुन्हा पुसले, साबण लावला. "नाहीच जात," ती म्हणाली. पेन बदलायला हवं. हल्लीची शाई फार पक्की असते.

पोरीला सूर्यमाला समजावताना मध्येच शब्द संपले. म्हणजे डोक्यात होते, तोंडात येईनात. चंद्राचा शेवट तिचा तिनं केला. हुशार आहे.

२७ जानेवारी

रंगाऱ्याला बघायला गेले. गल्ली एवढीशी, पण मधे दोनदा निरीक्षण करावं लागलं.

त्यांची एकच खोली, पण भिंती काय सुंदर! ढगाळ सकाळीचा रंग असतो ना, तसला. रंगारी उशांना टेकून बसला होता, नाकाशी नळी, शेजारी घुम्या आपला घुमत होता. त्याला बघून मला माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं. जाळी स्वच्छ, नळी सरळ. भावजींना सांगायला हवं.

"भिंतीकडे बघताय?" रंगारी म्हणाला. एक वाक्य झालं की थांबायचा. "पहिला हात घाईत मारला होता. दुसऱ्या हातानं झाकलं. माणसाचंही असंच असतं."

"आता बरं वाटतंय?"

"परवा दारापर्यंत चालून गेलो. शेजाऱ्याशी भांडून आलो. भांडायला श्वास लागतो, बाई. किती दिवसांनी भांडलो!" आणि तो इतका खूश होऊन हसला की मलाही हसू आलं.

त्याची बायको चहा ठेवत होती. मला वाटलं, आता तरी काही म्हणेल. आभार नकोत, पण माणूस काहीतरी म्हणतं. ती फक्त माझ्याकडे बघत होती. मी कप उचलला तर माझ्या नखांकडे बघत होती. "बाई, तब्येत बरी आहे ना तुमची?" एकदा विचारलं, मग पुन्हा विचारलं.

"मला काय धाड भरलीय?"

निघताना म्हणाली, "सकाळी खिडकी उशिरा उघडता हल्ली." बारीक लक्ष असतं बायकांचं एकमेकींच्या घरावर.

येताना जिना इतका लांबला होता की मी मधल्या बेटावर मुक्काम ठोकावा असं वाटलं.

३१ जानेवारी

यांचा खण आवरत होते. बोटाला लावायचं ते चिमुकलं यंत्र सापडलं, रक्तात ऑक्सिजन किती ते सांगणारं. यांचा नव्वदच्या खाली आकडा गेला की मी अर्धमेली व्हायचे. गंमत म्हणून माझ्या बोटाला लावलं. ब्याऐंशी! काढून पुन्हा लावलं. ऐंशी. म्हणजे बिघडलं. इतके दिवस पडून राहिल्यावर आणखी काय होणार. सेल बदलले, तरी तेच.

रंगाऱ्याच्या बायकोला देऊन टाकलं. ती भाजी घेऊन खालून चालली होती, खिडकीतून हाक मारून दोरीच्या टोपलीतून खाली सोडलं. "थोडं कमी दाखवतं, पण अंदाज येईल," म्हणाले. एवढं ओरडल्यावर खिडकीतच बसून राहिले. फार गोड गुंगी आली. हे मागे उभे होते, माझ्या खांद्यावर हात होता.

१ फेब्रुवारी

सकाळी सकाळी ती आली. आज आत आली. ते यंत्र टेबलावर ठेवलं.

"बाई, हे बिघडलेलं नाही."

स्वतःच्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव. माझा हात ओढून घेतला, विचारलंसुद्धा नाही. एक्क्याऐंशी. पुन्हा तिचं. पुन्हा माझं. मग तिनं ते हळूच मिटून ठेवलं आणि माझा हात तसाच धरून ठेवला.

मी म्हटलं, थंड हाताला कमी दाखवतं. मी म्हटलं, नखं वाढलीत. मला स्वतःलाच ऐकू येत होतं की वर्गातल्या ढ पोरासारख्या सबबी सांगतेय मी.

"तुमचं मशीन आणते," ती उठली.

"खबरदार! दिलेलं परत घेत नाही मी. आणि त्यांचं काय होईल?"

"तेच तर," ती म्हणाली आणि खाली बसली. आमच्या घरात ती पहिल्यांदाच बसली. "म्हणून मला तो नंबर ठेवायचा होता. तुम्ही वाईट म्हणून नाही, बाई. तुम्ही माणूस म्हणून. माणूस आजारी पडतं. माणसाचं मन फिरतं. माणूस मरतं. नंबराला यातलं काही होत नाही."

मी टेबलावरचं यंत्र उगाच इकडून तिकडे सरकवलं.

"तुम्ही आभाराची वाट बघत होता. कळत होतं मला. पण रोज उठून मी आधी तुमच्या खिडकीकडे बघते. उघडली की नवऱ्याच्या नळीकडे बघते. तुम्ही नुसत्या खोकलात तरी माझ्या हातातलं काम थांबतं. हे तुमच्यासाठी की त्याच्यासाठी, माझं मलाच कळत नाही. असं जगायचं का हो आम्ही?"

ती रडत नव्हती. मीच रडत होते, आणि रडायलाही श्वास पुरत नव्हता. मी दिलं, मी दिलं म्हणून किती मिरवलं मनातल्या मनात. त्या दोघांचा जीव माझ्या छातीला बांधून ठेवला होता मी, आणि छाती ही असली.

२ फेब्रुवारी

भावजींना फोन केला. बिचारे तडक आले. आकडा बघून पांढरे पडले. त्यांच्याकडची सगळी मशीनं बाहेर गेलेली आहेत. "पैसे भरलेल्या माणसाच्या नाकातून नळी काढून कशी आणू, वहिनी? एक परत आलं की पहिलं तुमच्याकडे. भाडं वगैरे काही नाही, तुम्ही घरच्या."

"आणि ते रांगेतले चार जण?"

"ते थांबतील. ते काही माझ्या भावाची बायको नाहीत."

खरं आहे. चांगला माणूस आहे. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. त्या चौघांच्या भावजींची दुकानं नाहीत, एवढाच काय तो त्यांचा गुन्हा.

म्हणाले, दवाखान्यात चला, आत्ता. मी म्हटलं, उद्या.

३ फेब्रुवारी

मी आजही उद्याच म्हणाले.

इथे तरी खरं लिहावं. ऑक्सिजन मिळाला की डोकं साफ होईल. यांचं तसंच व्हायचं, नळी लावली की डोळे स्वच्छ, आणि मग म्हणायचे, मघाशी कोणकोण आलं होतं म्हणून सांगत होतो गं, कुणीच नव्हतं. मी त्या गोष्टीचा विचार करायचं इतके दिवस टाळलं. दुपारची हवा विरळ आहे म्हणून हे येतात. मला बरं व्हायचंय की नाही, मला ठाऊक नाही.

आज आले तेव्हा खोली पार समुद्राखाली होती. निळी, शांत. कपाट जरा तरंगत होतं. मी विचारलं, मी येऊ का? यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तेवढी सवय मेल्यावरही गेली नाही.

४ फेब्रुवारी

हे वॉर्डात लिहिते आहे. अक्षर वाईट आहे.

सकाळी रंगाऱ्याची बायको आली, म्हणाली, चला. मी म्हटलं, माझ्यासाठी येणार नाही, तुमचा नंबर परत लावून द्यायला येईन. काढायला मी लावला, मीच लावून देते. ती म्हणाली, "कशासाठीही या, पण या." खाली ढकलगाडी उभी. जी घुम्याला न्यायला आली तीच गाडी! नकाशाबाई ढकलगाडीवर बसून गल्लीतून निघाल्या. शिंपीण कापड सोडून दारात आली. मी तिला हात केला, पुढारी करतात तसा.

दवाखान्याच्या खिडकीतला माणूस तरुण होता, कंटाळलेला. "नाव कमी केलंय. घरी सोय झाली असं तुम्हीच येऊन सांगितलंत."

"ती सोय," मी म्हटलं, "म्हणजे मी."

"मग?"

मोठं भाषण तयार होतं माझं. येताना गाडीवर मनात घोळवलं होतं. आयुष्यभर बोलत आले, चाळीस पोरांना एका दमात खंड शिकवले. आणि त्या खिडकीशी मला दम चार शब्दांचा. "चूक माझी. भोगायचं. त्यांनी. का?"

"शेवटी लावतो नंबर. मधे कसा घुसवू? मधल्यांचं काय?"

मधलेही कुणीतरी होतेच, त्यांच्याही खिडक्यांकडे कुणी बघत असणार. रंगाऱ्याची बायको म्हणाली, "शेवटी लावा. पण लावा. आणि या वेळी कुणी काहीही म्हणालं तरी काढू नका. मी म्हणाले तरी."

मग खिडकीतल्या माणसानं माझ्याकडे नीट पाहिलं. "यांचे ओठ—" एवढं म्हणाला आणि उठला. फरशी वर उठून माझ्याकडे यायला लागली. त्यावर सगळे खंड काढलेले होते.

शुद्ध आली तेव्हा नाकाशी नळी होती. नळीचा माग घेत नजर वर गेली तर ती भिंतीत शिरलेली. मी नर्सला विचारलं, "हे कुणाचं काढून आणलंत?"

"कुणाचं नाही. भिंतीतून येतो. सगळ्या खाटांना एकच."

"मला कोणी ओळखत नाही इथे."

"मग?"

"पैसे?"

"लागत नाहीत."

"आभार कुणाचे मानायचे मग?"

"मावशी, तोंड बंद ठेवा," ती म्हणाली, "आणि नाकानं श्वास घ्या."

५ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई लहान आहे, माझ्या हाताखालून गेलेल्या पोरींएवढी. म्हणाली, फुप्फुसं आतून ताठर होत चालली आहेत. पूर्वीसारखी होणार नाहीत. घरी जाता येईल, पण मशीन लागेल, कायमचं. यादीत माझं नाव घातलंय, वॉर्डातून घरी जाणाऱ्यांना आधी मिळतं असा नियम आहे. तोवर इथेच.

मी विचारलं, मी मास्तरीण होते म्हणून आधी का? ती गोंधळली. "नाही, कुणीही असतं तरी." मला इतकं बरं वाटलं की लाजच वाटली. कुणीही! उभ्या जन्मात हा शब्द मला मानाचा वाटला नव्हता.

९ फेब्रुवारी

रंगाऱ्याची बायको आली. त्याचा नंबर परत यादीत लावलाय, तळाला. रंगारी बरा आहे, दुसऱ्या शेजाऱ्याशीही भांडला.

मी म्हटलं, "घुम्या आता तुमचा. उसना नाही. तुमचा."

"तसं लिहून द्या," ती म्हणाली.

क्षणभर झोंबलं. मग इतकी हसले की नर्स धावत आली. लिहून दिलं. सही केली. तिनं वाचून घडी घातली. "आणि नंबरही ठेवणार आहे मी."

"ठेवा. मशीन बिघडतं."

मग ती पिशवीतून कंगवा काढून माझे केस विंचरायला लागली. बराच वेळ. काही बोलली नाही आणि मला आज तिचं न बोलणं खटकलं नाही. जाताना म्हणाली, "घरची खिडकी मी उघडून ठेवते रोज. कोंदट नको व्हायला."

१३ फेब्रुवारी

भावजी येऊन गेले. त्यांच्याकडे एक मशीन परत आलंय. म्हटलं, रांगेतल्या पहिल्याला द्या. म्हणाले, त्याला भाडं झेपेना म्हणून त्यानं नाद सोडला. "दुकान बंद करून चालणार नाही हो, वहिनी," ते म्हणाले. मी म्हटलं, नका करू. पण त्याला इथला पत्ता तरी सांगा. सांगतो म्हणाले.

डोकं आता अगदी स्वच्छ आहे. खिडकी म्हणजे खिडकी, फरशी म्हणजे फरशी. दुपारी झोप लागते. नुसती झोप.

१६ फेब्रुवारी

हे आजही नाही आले.

ही वॉर्डातली दुपार मी आता ओळखायला लागले आहे. दुपारी जेवणाच्या गाड्या गेल्या की सगळं शांत होतं. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना खाटा, आणि भिंतींतून बारीक सू आवाज, एकसारखा. कुणाच्या वाट्याला जास्त नाही, कमी नाही. त्या आवाजात सगळ्या बायका झोपलेल्या असतात.

मी नळी काढली. काढली, लिहायला काय हरकत आहे. जरा वेळच. यांना एकदा नीट निरोप द्यायचा राहिला होता. त्या दिवशी मी येऊ का असं विचारलं, त्याचं उत्तरही राहिलं होतं. नळी उशीवर ठेवली आणि दाराकडे बघत बसले.

थोड्या वेळानं खोलीच्या कडा मऊ झाल्या. पडद्याखालून उजेड पाण्यासारखा पुढे सरकला. लांबच्या दारात कुणीतरी उभं राहिलं, चप्पल काढायला वाकल्यासारखं. मला वाकण्याची ती ढब माहीत आहे.

"अहो बाई," शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली. मला वाटलं होतं झोपलीय. "नळी पडली तुमची."

"राहू दे जरा."

"राहू दे काय?" ती कोपरावर उठून बसली. तिलाच धाप लागली. "बाहेर जिन्यावर बायका बसल्यात या खाटेसाठी. नको असेल तर उठा. हवी असेल तर घ्या."

मी दाराकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. ती रागानं माझ्याकडे बघत होती, आणि तिची स्वतःची नळी तिनं मुठीत घट्ट धरली होती.

मी नळी लावली. दारात कुणी नव्हतं.